मघाशीच गेलात की तुम्ही

१

खुर्शीदाला डेंग्यू झाला होता. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा ती प्रत्येक मजल्यावर थांबून पायरीवर बसत होती. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, पण घरात दोन मुली असल्यावर कसली विश्रांती. मोठी मेहविश पाचवीत, तशी जाणती. धाकटी कशिश मात्र दिवसभर आईला चिकटलेली.

आमची दारं समोरासमोर. नाशकात द्वारका चौकाच्या मागच्या बाजूला जुनी, लिफ्ट नसलेली बिल्डिंग, वरचा मजला. तिच्याकडे कुकर लागला की मला कळतं, माझ्याकडे मिक्सर लागला की तिला. माझा सनी तिच्याच घरात जास्त जेवतो. म्हणून मीच म्हटलं, "रविवारी तिघांना घेऊन कुठंतरी जाते. तू निवांत झोप."

"कुठं नेशील?" ती म्हणाली. "लांब नको हं, अंजली."

धबधबा सुचवला इसाकभाईंनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं. त्यांची रिक्षा आहे. पेठ रोडला एकदा पॅसेंजर घेऊन गेले होते. "एकदम सोपी वाट आहे ताई. म्हाताऱ्या बायापण जातात. मी सोडतो, खाली थांबतो, परत आणतो. टेन्शनच नाही."

माझे मिस्टर ओझरला कारखान्यात असतात, त्यांना त्या रविवारी ड्यूटी होती. सकाळी मी विहारातली वंदना आटोपून आले, डब्यात पोळ्या आणि बटाट्याची भाजी भरली आणि निघालो.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. मायक्रोस्कोपखाली जे दिसलं ते रिपोर्टमध्ये जातं, दिसलं नाही ते जात नाही. पुढचं सांगतानाही मी तेवढंच पाळणार आहे.

२

पाऊस उघडून बरेच दिवस झाले होते. भाताची खाचरं हिरवीगार, रस्त्याच्या कडेला तेरड्याची फुलं. इसाकभाईंनी रिक्षा एका टपरीजवळ लावली. टपरी लंकाबाईंची. शेगडीवर मक्याची कणसं भाजत बसल्या होत्या.

"सोपी वाट हाय," त्या म्हणाल्या. "पोरं बी जात्यात. आज कुनी नाय आलं अजून, तुमीच पयल्या."

वाट खरंच सोपी होती. एका बाजूला कारवीचं रान, दुसऱ्या बाजूला उतार, पण फार खोल नाही. धबधब्याचा आवाज सुरुवातीपासूनच येत होता. सनी मोठ्यानं "ओऽऽ" करून ओरडला, डोंगरानं उत्तर दिलं. मग तिघंही ओरडायला लागले. मी ओरडू दिलं. घरात एवढे दिवस "हळू बोला, अम्मी झोपलीय" ऐकून कंटाळली होती बिचारी.

एका वळणावर मेहविश थबकली.

"मावशी, तुम्ही बोलायच्या आधीच आवाज आला."

"कसला?"

"'सनी, कडेनं नको चालू.' असा पुढून आला. मग तुम्ही म्हणालात."

मी हसले. म्हटलं, पुढं कोणीतरी असणार. सगळ्या आया डोंगरात तेच बोलतात. आणि नाशकात सनी नावाची मुलं पोत्यानं सापडतील.

पण मग मीही कान देऊन चालू लागले. पुढच्या वळणापलीकडून एक लहान मुलगी रडवेल्या सुरात पाणी मागत होती. शब्द नीट कळत नव्हते, सूर कळत होता. कुणीतरी तिला समजावलं. मग शांत.

थोडं पुढं गेल्यावर कशिशनं माझी ओढणी ओढली आणि रडवेल्या सुरात म्हणाली, "मावशी, पाणी."

तहान सगळ्यांनाच लागते. मी बाटली उघडून तिच्या तोंडाला लावली. पण ती पीत असताना मी पुढच्या वळणाकडं बघत होते, हेही खरं.

३

धबधब्यापाशी कोणी नव्हतं.

पाणी फार उंचावरून पडत नव्हतं. खाली उथळ डोह, भोवती काळे सपाट दगड. मुलांनी चपला काढल्या आणि पाण्यात घुसली. मी बसायला कोरडा दगड शोधत होते. दगड तसे कोरडेच होते, फक्त एकावर ओल होती. मोठ्या माणसाच्या बसण्याएवढी. शेजारी लहान लहान ओली पावलं, डोहातून निघून वाटेकडे गेलेली.

म्हणजे आमच्या पुढं होतं ते कुटुंब आत्ताच निघून गेलं होतं. पण मग ते आम्हाला वाटेत भेटायला हवं होतं. वाट एकच होती.

असेल दुसरी एखादी पायवाट, मी स्वतःला सांगितलं. गुराख्यांना शंभर वाटा ठाऊक असतात.

मुलं खेळली, भिजली, जेवली. सनीनं पोळीचा रोल करून अर्धा पाण्यात पाडला. नेहमीसारखंच सगळं. मी मात्र वाटेकडे पाठ करून बसू शकले नाही. निघायच्या वेळी कशिश एका दगडावर उभी राहून वाटेच्या दिशेनं हात हलवत होती.

"कुणाला टाटा करतेस गं?"

"आपल्याला," ती म्हणाली. "आपण चाललो ना."

मी तिकडं पाहिलं. वाट होती, कारवी होती. कारवीचा एक शेंडा हलत होता, जसा कुणी घासून गेल्यावर हलतो.

"चला," मी म्हटलं. "सगळ्यांनी हात धरा."

उतरताना पुढून एकही आवाज आला नाही. मुलांना मी ओरडू दिलं नाही.

४

खाली आलो तर रिक्षा नव्हती.

लंकाबाईंनी आमच्याकडं पाहिलं आणि हातातलं कणीस तसंच शेगडीवर ठेवलं. ते एका बाजूनं काळं पडेपर्यंत त्यांनी उलटलं नाही.

"तुमी परत कशा काय आल्या?"

"परत म्हणजे? आत्ताच तर उतरतोय आम्ही. रिक्षा कुठं गेली?"

"रिक्षा तुमालाच तर घेऊन गेली, बाई. मघाशीच गेलात की तुम्ही. ही पोरं, तुमी. सगळी भिजलेली व्हती. लय घाईत व्हत्या. मी कणीस देत व्हते या बारकीला, तर तुमीच नको म्हनल्या. सारख्या मागं वाटेकडं बघत व्हत्या."

मी मुलांना बाकावर बसवलं आणि इसाकभाईंना फोन लावला. रेंज तुटक होती. दुसऱ्यांदा लागला.

"हॅलो, इसाकभाई, कुठं आहात? आम्ही खाली आलोय."

रिक्षाचा आवाज येत होता, वाऱ्याचा येत होता.

"ताई, मस्करी करताय का?" त्यांनी हसत विचारलं. "मागं तर बसलाय तुम्ही. मागं बसून फोन कशाला लावताय?"

"मी टपरीवर आहे, इसाकभाई. मुलं माझ्याजवळ आहेत."

आता ते हसत नव्हते. त्यांनी फोन कानापासून लांब नेल्याचं मला कळलं. ते मागं वळून कुणाला तरी म्हणाले, "ताई, तुमच्या नंबरवरून फोन आहे."

खरखर झाली. मग कुणीतरी फोन घेतला.

"कोण?" तिनं विचारलं.

रेकॉर्डिंगमध्ये स्वतःचा आवाज ऐकला की तो आपला वाटत नाही. हा वाटला. तिकडून श्वास ऐकू येत होता, भरभर, दमल्यासारखा. मागं कशिशचा आवाज आला, काहीतरी विचारणारा. माझ्या समोरची कशिश बाकावर पाय हलवत बसली होती, तिचं तोंड बंद होतं.

फोन कट झाला. त्यानंतर तो बंदच येत राहिला.

५

शहराकडं जाणारी काळीपिवळी जीप मिळाली. सनीला मांडीवर घेतलं, मुलींना दोन्ही बाजूंना बसवलं. जीपमधली माणसं भाजीच्या भावाबद्दल बोलत होती. मी एकेक कारण काढत होते आणि टाकून देत होते. लंकाबाईंना दुसरंच कुणी दिसलं असेल. इसाकभाईंनी दुसऱ्याच बाईला रिक्षात घेतलं असेल. फोनमध्ये माझाच आवाज उलटून आला असेल, नेटवर्कमध्ये होतं तसं. प्रत्येक कारण एकेकटं चालत होतं. सगळी मिळून चालत नव्हती.

रेंज आल्यावर खुर्शीदाला फोन लावला. रिंग गेली आणि कट झाली. पुन्हा लावला, पुन्हा कट. न उचलणं वेगळं. ती फोन कापत होती.

"अम्मी झोपली असेल," मेहविश म्हणाली. माझ्याकडं न बघता.

पेठ नाक्यावर उतरून दुसरी रिक्षा केली. घरी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं, खाली मुलं क्रिकेट खेळत होती. इसाकभाईंची रिक्षा कुठं दिसली नाही. मी जिना इतक्या भराभर चढले की सनी मागं राहिला, "मम्मी, थांब ना," म्हणत.

६

खुर्शीदाच्या दाराबाहेर लहान-मोठ्या ओल्या चपला होत्या. नीट मांडलेल्या नव्हत्या, घाईत काढलेल्या.

मी बेल वाजवली. आत कुजबुज थांबली.

"खुर्शीदा, मी अंजली. दार उघड."

मग दाराला अगदी चिकटून तिचा आवाज आला. आजारपणानं आधीच बारीक झालेला.

"कोण आहे?"

"अगं, मी. मुलींना घेऊन आलेय."

"मुली घरात आहेत," ती म्हणाली. "अंजली माझ्याजवळ बसलीय. चहा पितेय. तू कोण आहेस?"

मी दाराच्या बारक्या गोल काचेला डोळा लावला. बाहेरून काय दिसणार. फक्त आतला उजेड, आणि मधूनमधून तो झाकणारं कुणीतरी.

"खुर्शीदा, ऐक माझं..."

"तिनं सांगितलं होतं तू येशील म्हणून. म्हणाली, ती माझ्याच आवाजात बोलेल, पोरंही सोबत असतील, दार उघडू नकोस." ती रडत होती. "जा ना इथून. मी आजारी बाई आहे. आमच्याकडं काय आहे तुझं?"

मेहविश पुढं आली. तिनं दारावर दोन्ही हात ठेवले. "अम्मी, मैं हूँ. मेहविश."

आतून, दुसऱ्या खोलीतून यावा तसा, तोच आवाज आला. "अम्मी, मत खोलना."

मेहविशनं हात असे मागं घेतले, जसं दार तापलंय. माझ्याकडं वळली. त्या पोरीला त्या क्षणी आपण कोण आहोत याचीच शंका आली असावी. मला तरी आली होती.

मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. खुर्शीदाच्या बाळंतपणात मी रात्रभर बसले होते ते सांगितलं. तिच्या माहेरचं, मालेगावचं सांगितलं, तिच्या अब्बांच्या पॉवरलूमचं. प्रत्येक वेळी खुर्शीदा म्हणे, "हिलाही माहीत आहे. हिनंही सांगितलं."

एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. इसाकभाई शहाळी घेऊन वर येत होते. आम्हाला पाहून म्हणाले, "बाहेर का उभ्या ताई? आत्ता तर आत..." आणि आतून माझा आवाज आला, "खुर्शीदा, दारापासून लांब हो." त्यांनी पिशवी पायरीवर ठेवली. अगदी सावकाश, जणू आत कुणी झोपलंय.

"खुर्शीदा," ते म्हणाले, "मैं हूँ. दरवाजा खोल."

"तोही त्यांच्यातलाच असेल," आतली ती माझ्याच आवाजात म्हणाली. तिचा आवाज कापत होता.

कशिशकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. ती दारासमोर पालथी झोपली होती आणि दाराखालच्या फटीतून बोटं आत सरकवत होती. "अम्मी, हात दे. अम्मी, हात दे ना."

मग ती गप्प झाली. मी खाली पाहिलं. फटीतून दुसरी बोटं बाहेर आली होती. लहान, ओली, पाण्यात फार वेळ राहिल्यावर होतात तशी सुरकुतलेली. त्यांनी कशिशची बोटं धरली नव्हती. नुसती चाचपडत होती, आंधळ्या माणसानं चेहरा चाचपडावा तशी.

"थंड आहे," कशिश म्हणाली, आणि मग तिनं हंबरडा फोडला.

तो हंबरडा ऐकून खुर्शीदानं कडी काढली. नंतर ती म्हणाली, मी ठरवलंच नव्हतं, हातानंच काढली.

७

बाहेरच्या खोलीत खुर्शीदा एकटी होती. दाराजवळ फरशीवर कोणी नव्हतं, फक्त ओल होती. टेबलावर अर्धा चहा. वाफ येत होती.

आतल्या खोलीचं दार बंद होतं.

खुर्शीदानं मुलींना कवटाळलं, पण तिची नजर त्या दाराकडं होती. आम्ही सगळेच तिकडं बघत होतो. आतून कुणीतरी कुणाला तरी गप्प करत होतं.

"शू... आवाज करू नका. जातील आत्ता. मी आहे ना."

सनीला वादळी रात्री मी असंच म्हणते. अगदी असंच. सनीनं माझा हात सोडला. दोन्ही हातांनी स्वतःचे कान झाकले.

इसाकभाईंनी दाराला खांदा लावला. मी "नका" म्हणाले. का म्हणाले, मला माहीत नाही. दार आतून अडलेलं होतं, अंगानं अडवल्यासारखं. दाबल्यावर थोडं मागं जात होतं, पुन्हा पुढं येत होतं. मग एकदम सैल झालं आणि उघडलं.

खोलीत अंधार होता. पलंग आणि भिंतीच्या मधल्या फटीत काहीतरी सरकलं. हिरव्या ओढणीचं टोक. माझी हिरवी ओढणी माझ्या गळ्यात होती. ते टोक ओलं होतं, आणि फरशीवरून सावकाश आत ओढलं जात होतं, जसं लपलेल्या माणसाच्या लक्षात यावं की आपला पदर बाहेर राहिलाय.

इसाकभाईंनी दिवा लावला.

फटीत काही नव्हतं. पलंगाखाली ट्रंका होत्या. खिडकीला ग्रील होतं. चादर ओलीचिंब होती आणि तिच्यावर बसल्याच्या खुणा होत्या. सगळ्या एकमेकींना खेटून, भिंतीच्या कोपऱ्यात.

८

दाराबाहेरच्या त्या ओल्या चपला खुर्शीदानं फेकून दिल्या. आम्ही कुणालाच काही सांगितलं नाही. माझ्या मिस्टरांना एकदा सांगायचा प्रयत्न केला, ते म्हणाले, आजारी बाईला भास झाला असेल, तू उगीच तिच्या नादी लागलीस. मी वाद घातला नाही. मुलं शाळेत जायला लागली, पुन्हा भांडायला लागली. सनी रात्री उठून माझ्या तोंडावरून हात फिरवतो, मग झोपतो. मी जागी असते, पण डोळे मिटून घेते.

खुर्शीदा बरी झाली. थंडी पडल्यावर एका दुपारी आम्ही गच्चीवर कपडे वाळत घालत होतो. तेव्हा तिनं आपणहून विषय काढला.

"तुला एक सांगितलं नाही मी."

"काय?"

"ती मला घाबरवत नव्हती, अंजली. तीच घाबरलेली होती. आली तेव्हा तिला उभं राहवत नव्हतं. पोरांना अशी छातीशी धरून बसली होती. म्हणाली, धबधब्यापासून कुणीतरी आमच्या मागं लागलंय. आमचंच बोलतंय. आम्ही बोललो की मागून तेच बोलतंय." खुर्शीदानं चिमटा लावला, काढला, पुन्हा लावला. "बेल वाजली ना तुझी, तेव्हा माझ्या मेहविशनं... त्या मेहविशनं माझा हात इतका घट्ट धरला. नखं रुतली. मी तो हात सोडवून दाराशी आले आणि शेवटी दार उघडलं."

तू बरोबर केलंस, आम्हीच खरे, असं माझ्या ओठावर आलं. मी बादलीतली चादर पिळत राहिले.

ती आतली खोली आता ते वापरत नाहीत. चौघंही बाहेरच्या खोलीत झोपतात. पण संध्याकाळ झाली की खुर्शीदा त्या खोलीचं दार उघडते, आतला दिवा लावते आणि दार पुन्हा ओढून घेते. रात्रभर दाराखालून उजेडाची रेघ दिसते. वीजबिलावरून इसाकभाई एकदा कुरकुरले. मीही तिला विचारलं, कशाला लावतेस गं?

ती पोळी लाटत होती. लाटणं थांबवलं नाही.

"पोरं आहेत," ती म्हणाली. "अंधारात घाबरतात."